चिंचेपासून घरापर्यंत

गुणाजीने पायगाडी अंगणात उलटी उभी केली, साखळी उतरवली आणि पुढच्या दातेरी चाकावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला.

"ताई, अण्णा रोज कोलशेतला जायचे ना हिच्यावरून?"

"रोज. पडवीतून बघायचे की मी."

"दाते अजून कोरे आहेत. चाक बसवून दहा महिने झाले, एवढे कोरे राहत नाहीत."

सुमतीने वाकून दाते पाहिले. अण्णांना जाऊन सव्वा महिना झाला होता. कोलशेतच्या मिठागरावर त्यांच्या जागी आलेल्या कारकुनाने, तानाजीने, गाडी मागितली होती. संध्याकाळी तो न्यायला येणार होता. वडिलांची वस्तू धड करून द्यावी, म्हणून तिने कल्याणहून या रेल्वेतल्या फिटरला बोलावलं होतं.

हे मोठं दातेरी चाकही तिनेच त्याच्याकडून बसवून घेतलेलं. सन अठराशे शहाण्णवात बदली होऊन जाणाऱ्या साहेबाने अण्णांना गाडी दिली, तेव्हा चाक लहान होतं. चढावर हलकी, पण सपाटीवर पाय नुसते भिरभिरायचे. पंचावन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर पगडी, धोतर वर खोचलेलं. समोरच्या विमलाबाई ओट्यावरून विचारायच्या, "काय गं सुमती, अण्णा आधी पोचतात की त्यांचे पाय?" ओटाभर हशा व्हायचा. अण्णाही हसायचे. सुमती मात्र आत निघून जायची.

"मोठ्या चाकाने फेरे कमी होतील," गुणाजी तेव्हा म्हणाला होता, "पण पायाला जड जाईल हं." तिने पहिलं तेवढंच ऐकलं.

त्यानंतर अण्णा गल्लीत शिरायचे ते ताठ बसून, पाय घड्याळाच्या लंबकासारखे संथ. विमलाबाई गप्प झाल्या. "बरी चालते ना आता?" तिने विचारलं, की अण्णा कपाळ पुसत म्हणायचे, "छान. श्रमच नाहीत काही." यायला उशीर तेवढा होऊ लागला होता. शेवटच्या वर्षी आपण त्यांची वाट सोपी केली, या एका गोष्टीवर तिने हा सव्वा महिना काढला होता.

बाळकुमची हौसाबाई भाजीची पाटी घेऊन आत आली आणि उलट्या गाडीपाशी थबकली.

"अण्णांची गाडी! लई जपायचं तिला. बसायचं पन नाय."

"बसायचे नाहीत? म्हणजे?"

"पाय मारला का धाप लागायची ना त्यांना. सांजच्याला येताना मी पाटी घेऊन चालायची, ते गाडी हातानं ढकलत. गल्लीच्या तोंडच्या चिंचेपाशी आलं का घाम पुसायचं न् मंग टांग मारायचं. सकाळी बी तसंच, चिंचेपर्यंत बसून, पुढं पायी. मी इचारलं एकदा, अण्णा, घर तं आलं, आता कशाला बसता? तं म्हनले, पोरगी पडवीत उभी असते. तिनं हौसेनं करून घेतलंय."

गुणाजी पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

सुमतीने पदर नीट केला. नीट होता, तो पुन्हा नीट केला. बाराव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली, तेव्हा अण्णांनी तिला याच पडवीत, उघड्यावर बसवून वाचायला शिकवलं होतं. तेव्हाही समोरचा ओटा हसला होता. अण्णांनी मान वर केली नव्हती. "मोठ्यानं वाच," एवढंच म्हणाले होते.

"कुठलं बसवू, ताई? हेच मोठं, की जुनं लहान? तेही आणलंय."

"लहान."

गुणाजीने साखळीच्या दोन कड्या काढल्या, लहान चाक बसवलं, गाडी सरळ केली. डावी मूठ हाताने झिजून गुळगुळीत झाली होती. सुमतीने तिथेच हात ठेवला.

"तानाजी येईलच संध्याकाळी."

"नको. मीच पोचवते."

तिने गाडी उंबऱ्यावरून उचलून गल्लीत घेतली. उन्हं लख्ख होती. ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या विमलाबाईंचा हात सुपातच राहिला.

"अगं बाई! आता तू बसणार की काय हिच्यावर?"

सुमतीचे कान तापले. तिने मान वर केली.

"नाही. हातानेच नेणार. अण्णा न्यायचे तशी."

दारादारांतून माणसं बाहेर आली. ती सावकाश चालत राहिली. चिंचेपाशीही थांबली नाही.