दीपमालेचे साडेसात बँड

“थांबू नका, बोलत राहा,” दीपमाला म्हणाली आणि मोबाइलवरचं घड्याळ तिनं पुन्हा शून्यावर आणलं.

ऋषिराजनं कपाळ चोळलं. आयुष्यातल्या एका मोठ्या निर्णयाबद्दल इंग्रजीत दोन मिनिटं बोलायचं होतं. तिसऱ्या वाक्यालाच तो अडला होता.

“सुचतच नाही गं. तू काय बोलली होतीस?”

तिनं सांगितलं. बारावीनंतर लग्न नको, सांगलीला शिकायला जाणार, म्हणून जतच्या घरी तिनं आठवडाभर अबोला धरला होता.

“हेच घेऊ. लग्नाच्या जागी आर्मी घालतो. आबांना मला भरती करायचं होतं, मी ऐकलं नाही, असं.”

“आबा कधी म्हणाले तसं?”

“तपासायला कोण येणार आहे?”

लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांनी एकाच दिवशी परदेशी शिकायला जाण्यासाठी लागणारी ही इंग्रजीची परीक्षा दिली होती. ज्याला जास्त बँड, म्हणजे गुण, पडतील त्यानं शिकायला जायचं, दुसऱ्यानं जोडीदार म्हणून सोबत जायचं, असं दोघांनीच ठरवलं होतं. तिला साडेसात पडले, त्याला साडेपाच. जेवणं चालली होती तेव्हा तिनं हरखून ते सगळ्यांना सांगितलं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, आधी तोंडातला घास गिळला.

“बायकूच्या मागनं परदेशी जायचं? रहिमतपुरात तोंड दावायला जागा ऱ्हाईल का? तू परत दे. सूनबाई हाय की शिकवायला.”

ऋषिराज ताटाकडं बघत राहिला. नंतर तिला एकटीला गाठून तो म्हणाला, “एकदाच बघू. मग तुझ्या बँडवर जाऊच.”

तिनं शिकवलं. त्याला पुन्हा कमी पडले. परत एकदाच, परत एकदाच करता करता तिच्या निकालाची दोन वर्षांची मुदत संपली. त्या दिवशी घरात कुणाच्या ते ध्यानातही नव्हतं. पुढच्या खेपेला ऋषिराजला साडेसहा, म्हणजे प्रवेशापुरते बँड मिळाले. तोंडी परीक्षेत मोठ्या निर्णयाचा तोच प्रश्न आला होता.

“परीक्षा घेणारी बाई खूश झाली अगदी,” तो हसत म्हणाला. “म्हणाली, घरच्यांसमोर असं उभं राहायला धाडस लागतं.”

दीपमाला कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

कागदपत्रं घेऊन दोघं साताऱ्याला गेली. तिथल्या व्हिसाच्या एजंटनं तिचा पासपोर्ट चाळून तिच्याकडंच सरकवला.

“मॅडमचं होणार नाही. या कोर्सला जोडीदार नेता येत नाही आता. पूर्वी चालायचं, तुम्ही उशीर केलात.”

परतताना मोटारसायकलवर ती त्याच्या खांद्याला न धरता मागच्या कॅरिअरला धरून बसली.

“वर्षाचाच प्रश्न आहे,” ऋषिराज पुढं बघत म्हणाला.

तो गेला. सुरुवातीला रोज फोन यायचा, मग रविवारी. अशाच एका रविवारी सकाळी शेजारची रेश्मा आली. तिलाही ती परीक्षा द्यायची होती.

“ऋषिराजला इचार की,” दीपमालेच्या सासूबाई, शालूबाई, कौतुकानं म्हणाल्या. “लय कष्ट घेतलं माझ्या लेकानं.”

“वहिनींनी नाही का दिली?”

“तिला काय करायचीया? घरात बी कुणीतरी पायजेच की,” असं म्हणत शालूबाई चहा टाकायला आत गेल्या.

दीपमाला मेथी निवडत होती.

“दिली होती,” ती हळूच म्हणाली.

“मग?”

“तुझ्या लग्नाचं बघतायत ना?” दीपमालेनं उलट विचारलं.

“हो. कोरेगावचं स्थळ आलंय. त्यालापण बाहेर जायचंय. लग्न झालं की दोघं मिळून परीक्षा देऊ म्हणतोय.” रेश्मा लाजली. “समजूतदार वाटतो.”

दीपमालेचे हात थांबले.

“दोघं मिळून देऊ नका.”

“का हो?”

तेवढ्यात शालूबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. दीपमालेनं त्यांच्याकडं पाहिलं. मग ती रेश्माकडं वळली आणि दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“तू एकटी दे. आणि लग्नाआधी जा.”

शालूबाईंनी पुढं केलेला कप रेश्मानं घेतला नव्हता. तो तसाच त्यांच्या हातात राहिला.