दोन बोटांचा उतार

मी एक टेबल बोलतोय, आणि मान खाली घालून बोलतोय. टेबलाला कसली आलीय मान, असं म्हणाल. पण लाज वाटायला मान असावी लागत नाही.

मी जेवायचा टेबल नाही की अभ्यासाचाही नाही. घरात रोपं वाढवायची तर त्यांच्याखालून गळणारं पाणी वाहून जायला हवं. त्यासाठी मला केलं. मोडक्या पलंगाच्या पट्ट्यांचा माझा सांगाडा, वर नाल्या-नाल्यांचा प्लास्टिकचा पत्रा, एका टोकाला उभा चिरलेला पाइप आणि पाइपाखाली जुनी बादली. विकत आणले ते फक्त स्क्रू.

मला करणारे म्हातारे सुतार. जन्मभर दारं आणि कपाटं केली. त्यांच्या कामात केसाएवढा फरक सापडायचा नाही, म्हणून सगळे त्यांना गुण्यामिस्त्री म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. आणि मी जिच्यासाठी झालो ती त्यांची सून. मागच्या खोलीत ट्यूबलाइटखाली रोपं करायचा तिला भारी नाद. एका रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी तिला सांगितलं होतं, साठ रोपं चांगली करून दाखव, मग कामावर घेते. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला स्वतःचं काम मिळणार होतं. किती खूश होती ती, काय सांगू!

तिनं कागदावर माझं चित्र काढून दिलं आणि म्हणाली, "बाबा, पाइपाच्या बाजूला दोन बोटं उतार ठेवा." मिस्त्रींनी मान डोलावली, पण हात ऐकेना. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात वाकडं काही केलं नाही, त्यानं स्वतःच्याच घरात कलता टेबल करून ठेवायचा? लोक काय म्हणतील? नाल्या आहेत की, जाईल पाणी आपलं आपण, असं पुटपुटत त्यांनी माझे चारही पाय सारखे कापले. वर सपाटी बघायची पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा बरोब्बर मधोमध थांबला. मिस्त्री खूश झाले आणि खरं सांगतो, मीही. असा फुगलो होतो की विचारू नका.

पहिल्याच पाण्यात माझा माज उतरला. पाणी पाइपाकडे जाईचना. रोपांच्या ट्रेखाली नाल्यांत साचून बसलं. सुनेनं एक ट्रे उचलला, बोट बुडवून पाहिलं आणि दाराकडे बघितलं. मला वाटलं, आता ही सासऱ्यांना हाक मारणार. तिनं फडकं आणलं आणि एकेक नाली टिपून काढली. मग ते रोजचंच झालं. दुपारी मिस्त्री आडवे झाले की ती यायची, सगळे ट्रे उचलायची, माझं अंग कोरडं करायची आणि होतं तसं लावून ठेवायची. माझं काम दुसऱ्यानं उपसायचं, याची मला इतकी शरम वाटे की पाय मोडून खाली बसावं.

पुढे तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि तिला आठवडाभर माहेरी जावं लागलं. जाताना सासऱ्यांना सांगून गेली, पाणी बेतानं घाला. फडक्याचं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी बेतानंच घातलं, खोटं कशाला बोलू. पण टिपणार कोण? आठवड्याच्या शेवटी माझ्या अंगाला कुबट वास मारत होता. रोपांनी माना टाकल्या होत्या. मुळं काळी पडून जरा ओढलं की सुटून येत होती.

ती परत आली तेव्हा मिस्त्री म्हणाले, तूच आधी पाणी पाजून पाजून मुळं कुजवलीस. जेवताना मुलालाही तेच ऐकवलं. माझ्या कडेवर हात टेकून तिनं बाईंना फोन लावला. "बाई, चूक माझीच. पाणी जास्त झालं माझ्या हातून." बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. ती "हो, बरोबर आहे" म्हणाली आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मेलेली रोपं टाकायला मिस्त्री आत आले. एक ट्रे उचलला, खाली पाणी. दुसरा उचलला, पाणी. कुठल्याच बाजूला हलत नव्हतं ते, इतका मी सरळ. म्हातारा सुनेकडे वळला.

"हे पहिल्यापासून असं होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या कामात चूक काढायची भीती वाटली, बाबा."

मिस्त्रींना तिच्याकडे बघवेना, म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले आणि रोपवाटिकेत गेले. तिथं सगळ्या कामगारांसमोर त्यांनी सांगितलं, सुनेनं उतार सांगितला होता, मीच ठेवला नाही. बाईंनी ऐकून घेतलं. पण जागा आदल्याच दिवशी दुसऱ्या एका बाईला दिली होती. पुन्हा कधी रिकामी झाली तर बघू, म्हणाल्या. घरी येऊन मिस्त्री सुनेला म्हणाले, "पोरी, तुझी जागा माझ्या हट्टापायी गेली." ती 'असू द्या' म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

मग त्यांनी पेन्सिल तिच्या हातात दिली. माझ्या पायांवर खुणा तिनं केल्या, करवत त्यांनी चालवली.

आता मी कलता उभा आहे. पाणी घातलं की सरळ पाइपात उतरतं. अंगावर नवी साठ रोपं आहेत. जागा कधी रिकामी होईल, होईल की नाही, कुणालाच ठाऊक नाही. पहिल्या साठ रोपांची आठवण झाली की मला अजून तोंड लपवावंसं वाटतं. तुम्ही घरी असा टेबल केलात तर उतार ठेवा, एवढंच माझं मागणं. आणि घरातलं कुणी फारच गप्प असेल, तर एकदा आपण होऊन विचारा.

परवा मिस्त्रींचे जुने सोबती आले होते, तेही सुतारच. माझ्याकडे बघून हसू दाबत होते. तेवढ्यात सून सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, पाइप तुम्ही मधे उंच बसवलाय. पाणी अडतंय." मिस्त्रींनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला आणि पेचकस आणायला उठले.