जेवणाचा हात, घड्याळाचा हात

स्पर्धेत चौदावं आलेलं गाणं वीस वर्षं उराशी बाळगून बसणारी माणसं जगात फार नसतील. शारजात तरी एकच होती, आणि ती म्हणजे साधना शिर्के.

युरोपातले देश दर मे महिन्यात आपापलं एक गाणं घेऊन एकमेकांशी स्पर्धा करतात, हे साधनाच्या गावीही नव्हतं. २००५ साली तिने रात्रीची हिंदी मालिका टेपवर घ्यायला टाइमर लावला आणि चॅनेल चुकवलं. सकाळी बघते तर सुनांच्या जागी चंदेरी जॅकेट घातलेली एक उंच पोरगी उड्या मारतेय! उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाची ऐरा. गाणं ‘लुमी लुमी’. ढुमढुम ठेका, झगमग दिवे आणि हातापायांचा असा काही धडाका की बघणाऱ्याला धाप लागावी. शब्द एकही कळत नव्हता. लुमी म्हणजे बर्फ, हे तिला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. बाहेर त्रेचाळीस डिग्री असताना ही बाई शारजात बर्फ बर्फ करून नाचत होती.

हो, साधना नाचायची. नवरा गुणवंत रास अल खोरच्या गोदामावर जायला सहालाच बाहेर पडे, कारण त्यानंतर दुबईचा रस्ता म्हणजे नुसती गाड्यांची रांग. मुलगी मिहिका दोन वर्षांची होती, ती नाश्ता करून पुन्हा झोपे. मग साडेनऊ ते दहा साधना टेप लावायची, पदर खोचायची आणि टीव्हीसमोर उभी राहून ऐरा करेल ते करायची. एका महिन्यात तिला सगळा नाच बसला. तीन मिनिटं, एकही पाऊल न चुकता. नवीन देशात, बंद दारांच्या त्या इमारतीत ती तीन मिनिटं तिची एकटीची होती, आणि तेवढ्यावर तिने तो उन्हाळा काढला.

पुढच्या वर्षी दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये कुणा मंडळाचा कार्यक्रम होता. साधनाने धीर करून या नाचासाठी नाव दिलं. तालमीच्या दिवशी कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, “वहिनी, हे आपल्याला शोभत नाही. त्यापेक्षा एखादं भावगीत म्हणा ना.” सगळे साधनाकडे बघत होते. गुणवंतही होता. तो म्हणाला, “जाऊ दे ना, साधना.” आणि साधनाने जाऊ दिलं. मुकाट स्टेजवरून उतरली, आठवड्याने नऊवारी नेसून भावगीत म्हणाली, टाळ्याही घेतल्या. त्या गृहस्थांचा राग तिने कधीच सोडून दिला. स्वतःचा मात्र सुटला नाही. आपण चार शब्द बोलायला हवे होते, आपण उतरायला नको होतं, हे तिला वीस वर्षं अधूनमधून भांडी घासताना आठवायचं आणि हातातलं पातेलं जरा जास्तच चकचकीत व्हायचं.

आता गुणवंतची नोकरी संपत होती. जूनअखेर व्हिसा रद्द, आणि मग कायमचं सातारा. घरभर कार्गोचे खोके पडलेले. अशात मे महिन्यात मिहिकाने तिला फोनवर एक जाहिरात दाखवली. दुबईत जुन्या स्पर्धागीतांची एक संध्याकाळ होणार होती, आणि येणाऱ्यांत ऐरा होती! इथल्या बारा चाहत्यांना तिच्यामागे स्टेजवर नाचायला मिळणार होतं. नाचाचा व्हिडिओ पाठवायचा, ते निवडणार.

साधनाने कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊला फोन तांदळाच्या डब्याला टेकवला, सेल्फीचा कॅमेरा चालू केला आणि नाचली.

तीन दिवसांनी मिहिका कामावरून ओरडतच घरात शिरली. “आई, दे पिक्ड यू! फोर हंड्रेड पीपल अप्लाइड अँड दे पिक्ड यू!”

गुणवंत खोक्यावर चिकटपट्टी लावत होता. “अगं, पंधरवड्यात कार्गोवाला येतोय. अर्धं किचन बाकी आहे. और तुम्हारा ये डान्स बीच में कहाँ से आया?”

“बीचमें नाही आला. वीस वर्षांपूर्वीच आलाय,” साधना म्हणाली. “अहो, आपण तीस तारखेला जाणार. त्याआधी मी हा नाच माणसांसमोर एकदा करणार. पूर्ण करणार. मग तुमचा कार्गो, तुमचा सातारा, सगळं इन्शाल्ला.”

 गुणवंतलाही तो ऊद मेथाचा हॉल आठवला असावा, कारण त्याने चिकटपट्टी उगाच दोनदा लावली.

पहिली तालीम शनिवारी होती. तालीम घेणारी नबिला मूळची बैरुतची, आवाज शाळेच्या घंटेसारखा. साधनाला दुसऱ्या ओळीत उभं केलं. शेजारी रफिक नावाचा हैदराबादी, विमानांना जेवण पुरवणाऱ्या किचनमध्ये आचारी, सहा फूट उंच. बाकी सगळी तिशीच्या आतली. साधनाच्या मनात भीतीचा लवलेश नव्हता. येतं ते येतंच, त्यात काय!

“यल्ला! फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!”

सगळे उजवीकडे गेले. साधना डावीकडे गेली, ती थेट रफिकच्या बरगड्यांवर. पुन्हा सुरुवात. सगळ्यांचे उजवे हात वर, साधनाचा डावा. पुन्हा. सगळे वळले आणि एकमेकांच्या पाठी बघू लागले. साधनाला मात्र अकरा तोंडं दिसली, आणि त्यांतली दहा तरी हसत होती.

“नाचता येईना अंगण वाकडं” म्हणायची सोय नव्हती. अंगण सरळच होतं.

नबिलाने तिला बाजूला घेतलं. “मॅडम, यू लर्न्ड फ्रॉम टीव्ही, राइट? फेसिंग हर?”

तेव्हा कुठे उजेड पडला. समोरची ऐरा उजवा हात उचलायची, तो साधनाला डाव्या बाजूला दिसायचा, म्हणून साधना आपला डावा उचलायची. आरशात बघून भांग पाडावा तसा तिने अख्खा नाच उलटा शिकला होता. एक पाऊल, एक हात सुलटा नव्हता. आणि पाठवलेला व्हिडिओ? सेल्फीच्या कॅमेऱ्याने उलट्याचं सुलट करून टाकलं होतं, म्हणून निवडणाऱ्यांनाही पत्ता लागला नाही. आणखी दोघंही आधी तशीच शिकली होती, पण त्यांनी तालमीआधीच दहा मिनिटांत सुधारून घेतलं होतं. त्यांची सवय दोन आठवड्यांची. साधनाची वीस वर्षांची. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

“लिसन,” नबिला म्हणाली. ती वाईट नव्हती, घाईत होती. “नेक्स्ट सॅटर्डे लास्ट रिहर्सल. इफ यू फिक्स इट, वेलकम. इफ नॉट, खलास. आय हॅव अ वेटिंग लिस्ट.”

बसमध्ये साधनाच्या डोळ्यांत पाणी आलं. शारजाच्या रस्त्यावर दीड तास गाडी हलत नव्हती, त्यामुळे रडायला वेळ भरपूर होता. अर्ध्या तासात रडू संपलं. उरलेल्या तासात तिने मांडीवर बोटांनी नाच उलटा करायला घेतला, म्हणजे सुलटा.

तो आठवडा शिर्क्यांच्या घरात कुणी विसरणार नाही. मिहिका रात्रीत नाच शिकली आणि रोज संध्याकाळी आईच्या पुढे पाठ करून उभी राहू लागली. “फॉलो माय बॅक, आई. डोंट थिंक.” पण न विचार करता केलं की साधना हमखास डावीकडे जायची, आणि विचार करून केलं की अर्धा ठोका मागे राहायची. खोक्यांच्या ठेचा लागल्या. एक काचेची बरणी गेली. चौथ्या दिवशी ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, “माझं उजवं-डावंच मेलं आता. मला कळेनासंच झालंय कुठलं कुठलं.”

गुणवंत आतापर्यंत पेपरआड मूग गिळून बसला होता. त्याने पेपर ठेवला. “ऊठ. उजवं-डावं सोड. जेवणाचा हात कुठला?”

साधनाने उजवा वर केला.

“घड्याळाचा?”

डावा वर झाला.

“मग झालं तर. मी ओरडतो, तू कर.” आणि सत्तावन्न वर्षांचा तो गोदाम मॅनेजर गंजी-लेंग्यावर मधोमध उभा राहून गर्जू लागला, “जेवणाचा! जेवणाचा! घड्याळाचा! वळ, जेवणाकडे वळ! अगं, जेवणाकडे!” मिहिका हसून हसून खोक्यावर आडवी झाली. पण साधना वळली होती, आणि बरोबर वळली होती. शुक्रवारपर्यंत शेजारच्या तमिळ बाईंनासुद्धा ‘घड्याळाचा’ हा शब्द पाठ झाला.

शनिवारच्या तालमीत ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत नाचली आणि पार पडली. नबिलाने मान हलवली. “ओके. बट लास्ट रो, एंड.” मागची ओळ, शेवटची जागा, शेजारी पुन्हा रफिक. साधना म्हणाली, “नो प्रॉब्लेम.” तिला जागेशी कर्तव्य नव्हतं, पूर्ण नाचण्याशी होतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी हॉल भरला होता. हजारभर माणसं, चाळिशी-पन्नाशीची, रशियन, मल्याळी, लेबनीज, फिलिपिनो, आणि तिसऱ्या रांगेत गुणवंत, फोन उभा धरून. ऐरा स्टेजवर आली. साधनाला क्षणभर ओळखूच येईना. कंबर रुंदावलेली, केस आखूड, डोळ्यांखाली सुरकुत्या. जॅकेट मात्र चंदेरी. आपणच का म्हाताऱ्या झालो, ही तालमीपासूनची खंत साधनाच्या मनातून तिथल्या तिथे उतरली.

ठेका सुरू झाला. जेवणाचा, जेवणाचा, घड्याळाचा. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. घामाने कपाळ भिजलं, पण पाय बरोबर पडत होते. मग आला शेवटचा भाग, जिथे गाणं एक सूर वर चढतं आणि ठेका धावत सुटतो. रेकॉर्डवरच्यापेक्षा इथला ड्रमवाला जास्तच धावला. साधनाच्या ओठांना शब्द उरकेनात, आणि ओठ थांबल्याबरोबर अंगाने आपला जुना रस्ता धरला. ती डावीकडे गेली. रफिक उजवीकडे आला. त्याचं कोपर तिच्या खांद्यावर बसलं, दोघं हेलपाटली, आणि पहिल्या रांगांतून हसू उठलं.

साधनाने बाजूला पाहिलं. पडद्याआड नबिला उभी होती आणि हाताने स्पष्ट खूण करत होती. बाहेर या. आता.

पायऱ्या चार पावलांवर होत्या. उतरायला काहीच लागलं नसतं. तिला ठाऊक होतं ते, तिने एकदा उतरून बघितलं होतं. आणि तिला संताप आला, असा की कानशिलं तापली. रफिकवर नाही, नबिलावर नाही. पुन्हा उतरायचं? पुन्हा वीस वर्षं पातेली घासायची?

ती पायऱ्यांकडे गेली नाही. ती पुढे निघाली. नाचणाऱ्यांच्या ओळींमधून, ऐराच्या बाजूने, स्टेजच्या अगदी टोकापर्यंत गेली, आणि तिथे हजार माणसांकडे पाठ करून ऐराच्या समोर उभी राहिली.

ऐराचा उजवा हात वर गेला. साधनाचा डावा. आणि दोन्ही हात एकाच बाजूला होते! ऐरा सरकली, साधना सरकली, दोघी एकाच दिशेला. मागच्या अकरा जणांच्या ओळीही त्याच दिशेला. आता पुटपुटायची गरज नव्हती, आठवायची गरज नव्हती. अंगाला जे येत होतं ते सगळं बरोबर होतं, पहिल्यापासूनच बरोबर होतं, फक्त उभं कुठे राहायचं हे कळायला इतकी वर्षं लागली. ऐरा आधी दचकली. मग तिच्या लक्षात आलं. गाता गाता तिला इतकं हसू आलं की एक अख्खी ओळ गाळली, ती प्रेक्षकांनी म्हटली. ती दोन पावलं पुढे आली आणि उरलेलं गाणं लोकांसाठी नाही, साधनासाठी नाचली. शेवटच्या ठोक्याला दोघींचे हात वर, दोघींना धाप, आणि साधना ढसाढसा रडत होती, अगदी तोंड उघडं टाकून, कारण तिचं तोंड फक्त ऐरालाच दिसत होतं.

खाली उतरल्यावर नबिला समोर आली. “आय टोल्ड यू टु कम ऑफ! यू डिडंट सी मी?”

“आय सॉ यू,” साधना म्हणाली. “आय डिडंट कम.”

 नबिलाने पाण्याची बाटली उघडून साधनाच्या हातात दिली.

तिघं गाडीत बसली. पार्किंगमधून बाहेर पडायलाच अर्धा तास लागत होता. गुणवंतने फोन तिच्याकडे सरकवला आणि ओशाळून म्हणाला, “साधना, शेवटचा सगळा पार्ट घेतला गं मी. पण तुझं तोंड एकदाही नाही आलं. नुसती पाठ. मी हलायला पाहिजे होतं, दुसऱ्या बाजूला जायला पाहिजे होतं. तेव्हाही मी जागचा हललो नाही, आणि आजही.”

तेव्हा म्हणजे कधी, हे साधनाने विचारलं नाही. तिने व्हिडिओ लावला. दिव्यांच्या झोतात निळ्या कुर्त्यातली एक पाठ, सुटलेला अंबाडा, दोन भक्कम दंड. स्वतःला मागून नाचताना तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ती पाठ कुठेही डगमगत नव्हती. तिने व्हिडिओ संपेपर्यंत पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मागच्या सीटवरून मिहिकाने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

“पाठवा सगळ्यांना,” साधना म्हणाली. “साताऱ्याच्या ग्रुपवर टाका, इथल्या ग्रुपवर टाका. आणि कुणी विचारलं ना, यातली तुमची मंडळी कोण, तर सांगा, पाठ दिसतेय ती.”

पुढची गाडी हलली. गुणवंतने गिअर टाकला, आणि मग एक हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या हातावर ठेवला.