तपासाला आलेला पाहुणा

“असे कसे उठता जी? खर्रा तरी घ्या,” करुणा म्हणाली, आणि पाहुणा काही बोलायच्या आत तिने तृप्तीला, आपल्या मुलीला, समोरच्या पानठेल्यावर धाडले.

पाहुणा विमा कंपनीकडून तपासाला आला होता. करुणाचा नवरा ईश्वर रेतीच्या टिप्परखाली गेला, त्याला वर्ष होत आले होते. बपेरा गावातल्या त्या घरात तेव्हापासून एकाच गोष्टीची वाट पाहणे चालू होते. विमा मंजूर झाला तर तृप्ती भंडाऱ्याला नर्सिंगला जाणार होती. नाही झाला तर दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवायला. विमा एजंट भूपेंद्र गावातलाच. तो येता-जाता सांगायचा, “होऊन राहिलं काकू. पॉलिसीले तीन साल झाले नोहते ना, म्हणून तपास लागते. साहेब येईन, त्याले फक्त सांगजा, बिमारी काही नोहती.”

बिमारी खरेच नव्हती. करुणाने तसे सांगितले. सह्या झाल्या, फोटो झाला. साहेब मऊ बोलणारा होता. करुणा अंगणवाडीत मदतनीस आहे म्हटल्यावर त्याने मुलांच्या खिचडीचीही चौकशी केली. तिच्याशी इतका वेळ बसून वर्षभरात कोणी बोलले नव्हते.

तृप्तीने आणलेली खर्ऱ्याची पन्नी त्याने उघडली नाही, हातातच ठेवली. “मी खात नाही, ताई. तुमचे यजमान खायचे का?”

करुणा हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

“हे काय विचारणं झालं जी? त्याईच्या खिशात खर्रा नाई असा दिवस नोहता. सुपारी बारीक, चुना कमी, तंबाखू मस्त. त्याईले दुरून पाहूनच सेवकराम घोटाले बसे. पण एकट्यानं नाई खाल्ला कधी. रस्त्यानं जाणारा असो, आधी त्याले अर्धा देत.”

साहेब आल्याचे कळून पानठेलेवाला सेवकरामही दारात येऊन उभा होता. “ईश्वरभाऊ म्हणजे आमच्या ठेल्याचा मालकच ना साहेब! मी दुकान उघडाच्या आधी हा हजर. म्हटलं, भाऊ, दात त घासून येत जा!”

सगळे हसले. साहेबही हसला. “किती वर्षांपासून?”

“मिसरूड फुटाच्या आधीपासून!”

गेलेल्या माणसाबद्दल चांगले बोलावे, एवढे गावाला कळत होते. आणि ईश्वरबद्दल दुसरे सांगण्यासारखे होते तरी काय? थोडे धान, बाकी रोजी, आणि वाटून खाल्लेला खर्रा. साहेब लिहीत गेला आणि सांगणाऱ्यांना बरे वाटत गेले. निघताना करुणाने त्याला लाखोळीची डाळ बांधून दिली.

पुढे किती तरी दिवस काहीच कळले नाही. मग एका दुपारी भूपेंद्र मोबाईल हातात धरूनच घरात शिरला.

“काकू, कायले सांगतलं तुमी खर्ऱ्याचं? नामंजूर झालं. व्यसन लपवलं म्हणते कंपनी.”

“कोणं लपवलं? मीच त सांगतलं.”

“तेच त! फॉर्मात तंबाखूपुढं ‘नाही’ लिहिलं होतं.”

“कोणं लिहिलं?”

भूपेंद्र चुलीकडे पाहू लागला. “सगळ्याईच्याच फॉर्मात तसं लिहितो काकू. ‘हो’ लिहिलं का हप्ता वाढते, मंजुरी लटकते.”

“अन् लिहिताना तुह्या तोंडात खर्रा कोणाचा होता? याच खाटेवर बसला होता ना?”

त्याने मोबाईल खिशात घातला.

“टिप्पर काय खर्रा पाहून अंगावर आला का रे?”

“अपील करता येते. टाइम लागते पण.”

“किती?”

“आता… ते नाई सांगता येत.”

त्या पावसाळ्यात तृप्ती बायांबरोबर रोवणीला गेली. संध्याकाळी तिचे चिखलाने पांढरे पडलेले पाय पाहून करुणा पाणी तापवायची, पण तिच्याशी नजर मिळवायची नाही.

दिवाळीनंतर गावातला अंकुश मोटारीचा शॉक लागून गेला. त्याचाही विमा भूपेंद्रनेच काढलेला, आणि तपासाला तोच साहेब आला. करुणाला कळले तशी ती अंगणवाडीचे पातेले तसेच टाकून अंकुशच्या घरी गेली. त्याची बायको खुशबू चहा मांडत होती. करुणाने तो खाली उतरवला, तिच्या कानाशी काही बोलली आणि तिच्याजवळ बसून राहिली.

साहेबाने करुणाला ओळखले. थोडा घुटमळलाही. मग म्हणाला, “ताई, अंकुशला तुम्ही ओळखत असाल. माणूस कसा होता?”

करुणा अंगणवाडीत लागली त्याच वर्षी अंकुश तिथे आला होता. खिचडीतली भाजी बोटाने बाजूला काढायचा. एकेक घास भरवावा लागे. ट्रॅक्टर चालवून पहिली मजुरी मिळाली तेव्हा पेढे घेऊन आधी तिच्या पाया पडला होता.

“नाई माहीत जी,” करुणा म्हणाली. “आमचं जाणं-येणं नोहतं.”

साहेबाने दारातल्या बायांकडे पाहिले. त्या मान खाली घालून भुईकडे पाहत राहिल्या. अंकुशबद्दल कोणीच काही चांगले बोलले नाही.