धुरावरचा चहा

पांढऱ्या कपातला चहा बरोबर सहा मिनिटांनी तांब्याच्या रंगावर आला; कडेला केसाएवढी पिवळी रेघ होती. श्यामलाने ती वहीत टिपली. डोळ्यांना दिसेल ते ती कधी चुकवत नसे. नाकाने मात्र मार्चमधल्या तापानंतर साथ सोडली होती, आणि आता २०१६चा ऑक्टोबर लागला होता. पेनरोज उपनगरातल्या चहाच्या गोदामात चव-वासाच्या नोंदीवर पहिली सही तिची असे. नाक गेल्याचं कळलं तर सही जाईल, सहीमागोमाग नोकरी, म्हणून ती गप्प होती. वास ती इतरांच्या चेहऱ्यांवरून ताडायची.

आजचा नमुना लापसांग सूशाँगचा होता. पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला चिनी चहा. पुडकं फोडलं तेव्हा फोर्कलिफ्टवाला दोन पावलं मागे सरला होता. समोर बसलेली तिची मदतनीस प्राची मात्र नुसतं पेन फिरवत होती.

"लिही की."

"तुम्हीच लिहा, श्यामलाताई. माझ्या नाकावर माझाच भरवसा उरला नाही."

"आता काय झालं?"

"ऑगस्टमध्ये मी म्हटलं होतं, पांढऱ्या चहाला धूर लागलाय, ह्या लापसांगच्या पेट्या शेजारी रचल्यात म्हणून. तुम्ही म्हणालात, धूर तुझ्या नाकात बसलाय. मी मुकाट दुसरी सही केली. आज तो सगळा माल ख्राइस्टचर्चहून परत आलाय. धुराचा वास येतो म्हणून."

"ग्रॅहमला काय सांगितलंस?" श्यामलाने मॅनेजरबद्दल विचारलं.

"माझी चूक म्हणून. सोमवारपासून पॅकिंगला जाते. आई म्हणायचीच, तुझं नाक मुरडण्यापुरतंच."

श्यामलाने वही मागे चाळली. ऑगस्टचं पान तिच्याच नेटक्या अक्षरात होतं. धूर : नाही. त्या दिवशी तिने कपावर वाकून श्वास घेतला होता आणि तिला काहीच जाणवलं नव्हतं. प्राचीच्या चेहऱ्यावर शंका स्पष्ट दिसत होती. ती खरी धरली असती तर पुन्हा तपासणी झाली असती, दुसऱ्या कुणीतरी तोच कप हुंगला असता, आणि तिचं गुपित फुटलं असतं.

ती उठली. "चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

ग्रॅहमच्या केबिनचं दार उघडंच होतं. त्याने मान वर केली.

"ऑगस्टमध्ये प्राचीचं नाक बरोबर होतं," श्यामला इंग्रजीत म्हणाली. "माझं मार्चपासून गेलंय. मला कसलाही वास येत नाही. ती नोंद मी अंदाजाने केली. यापुढे पहिली सही हिची असू दे."