सुट्ट्यांचा लसावि

मी तोंडाची फटकळ आहे, हे माझी मुलंही सांगतील. रुग्णालयाच्या धुलाईघरात आयुष्य गेलं. तिथे गोड बोलून चादरी स्वच्छ होत नाहीत. मला दर तिसऱ्या दिवशी सुट्टी. थोरला काचेच्या कारखान्यात, त्याला दर चौथ्या दिवशी. धाकटी पाण्याच्या पंपघरात, तिला दर सहाव्या. दोघंही कामाजवळ खोली घेऊन राहतात आणि माझी सुट्टी असेल तेव्हाच घरी येतात. मी नसताना येऊन काय कुलपाशी गप्पा मारणार?

एकदा तिघांची सुट्टी एकाच दिवशी आली. जेवताना मी म्हटलं, "आता पुन्हा असं कधी गं?"

"त्यात काय! लसावि काढायचा," धाकटी म्हणाली. "तीन, चार, सहा. सगळ्यात मोठा सहा. त्याला तीनने भाग जातो, चारने जात नाही. मग सहा दुणे बारा. बाराला तिन्हींनी जातो. दर बाराव्या दिवशी तुझं घर भरलेलं."

"वा! आणि शाळेत कशी काय काठावर पास व्हायचीस?" थोरला म्हणाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवसापासून मी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागले.

सहाव्या दिवशी धाकटी आलीच नाही. उगवली ती नवव्या दिवशी. "माझी सुट्टी तीन दिवस पुढे गेली, आई. कामाची अडचण." मी म्हटलं, गेली तर गेली. बारावा नाही तर दुसरा कुठला तरी दिवस जुळेलच की.

बाराव्या दिवशी थोरला एकटाच जेवून गेला. तो गेल्यावर मी पेन घेऊन कॅलेंडरसमोर बसले. थोरल्याचे दिवस बारा, सोळा, वीस, चोवीस. धाकटीचे नऊ, पंधरा, एकवीस, सत्तावीस. पान उलटलं. पुढचंही उलटलं. त्याचे सगळे सम, हिचे सगळे विषम. अगं बाई! ही दोघं या जन्मात एका दिवशी घरी येणार नव्हती. बरं, माझ्याशी मात्र दोघांचंही जुळत होतं. हिची सुट्टी एक किंवा दोन दिवस सरकली असती, तर ही मला कधी भेटलीच नसती. नेमकी तीनच दिवस कशी सरकली?

पंधराव्या दिवशी ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच मी सुरू झाले. "तुझ्या साहेबाला सांग, सुट्टी होती तशी कर. नाहीतर मीच येते त्याची खरडपट्टी काढायला."

"साहेबाने नाही बदलली. मी मागून घेतली."

"का?"

ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "दादाने मला मारलं, आई. तिघं एकत्र जेवलो त्या दिवशी तू खाली दूध आणायला गेलीस तेव्हा. आईशी असं तोडून बोलत जाऊ नकोस, एवढंच म्हटलं होतं मी."

माझा कानांवर विश्वास बसेना. "पहिल्यांदा?"

"नाही."

माझा मुलगा? माझ्याच घरात? "आणि मला सांगितलं नाहीस? मी काय मेले होते?"

"सांगितलं असतं तर तू त्याला दारात उभं केलं नसतंस. मग तुला मी एकटीच उरले असते. आता आम्ही दोघंही येतो ना तुझ्याकडे? एकदम नाही, एवढंच."

तिला जवळ घेतलं आणि रडले, बस्स.

थोरल्याला फोन केला नाही. फोनवर विचारायची ही गोष्ट नव्हती. पुढचे नऊ दिवस मनाशी एकच म्हणत राहिले, तिचा काहीतरी गैरसमज झाला असेल. ती खोटं बोलणारी नाही हे मला ठाऊक होतं, तरी म्हणत राहिले.

चोविसाव्या दिवशी तो आला. "आई, सडकून भूक लागलीय. काय केलंयस?"

मी दार अडवून उभी राहिले. "धाकटीला कोणत्या हाताने मारलंस?"

नाही म्हण रे. वेड लागलंय का तुला, असं ओरड माझ्यावर.

त्याने उजवा हात हळूच पाठीमागे नेला.