फरशी मोकळी आहे

मी एक प्रोग्राम आहे. फार मोठा नाही. हर्षालीनं ठाण्यातल्या भाड्याच्या खोलीत रविवारी बसून लिहिलेला, मोबाईलवर चालणारा. जव्हार तालुक्यात साखरशेतला, तिच्या गावी, येताना एक ओहोळ लागतो. त्यावर बुटका पूल आहे, त्याला सगळे फरशी म्हणतात. पावसाळ्यात पाणी फरशीवरून वाहायला लागलं की पलीकडचा माणूस पलीकडेच अडकतो. पाणी वर असलं की मी लाल व्हायचं आणि ‘फरशी बंद आहे’ म्हणायचं. नसलं की हिरवं व्हायचं आणि ‘फरशी मोकळी आहे’ म्हणायचं. माझं काम एवढंच.

हर्षाली नोकरीतही दिवसभर कोडच लिहिते. कुठल्याशा दुकानांच्या बिलांचं. ती दुकानं तिनं कधी पाहिलेली नाहीत. माझं तसं नव्हतं. माझी एकेक ओळ लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर तो ओहोळ असायचा. पहिल्यांदा मी लालचा हिरवा झालो तेव्हा ती एकटीच मोठ्यानं हसली. खोलीतली मैत्रीण प्रतिक्षा म्हणाली, “काय गं, कोणाचा मेसेज आला?”

“कोणाचा नाही. माझं चाललं!”

चहा तसाच गार झाला होता.

फरशीला लागून चंद्रकलाकाकीचं घर आहे. पाणी बघून बटण दाबायचं काम हर्षालीनं तिला दिलं. काकीनं दाबलं की मी गावातल्या सगळ्या फोनांवर रंग बदलायचो. काकीला त्याचा फार अभिमान होता. भात लावून आली तरी चिखलाचे हात धुऊन आधी बटण दाबायची. जीपवाला तुळशीदास मोखाड्याच्या स्टँडवर सवाऱ्यांना सांगायचा, “थांबा, आधी हर्षालीला विचारतो,” आणि मला उघडायचा. तिचं नावच माझं नाव झालं होतं.

कंपनीतलं काम बऱ्याच जणांच्या नजरेखालून जातं. कुणी मुद्दाम चुका काढतं, कुणी उलटसुलट चालवून बघतं. माझ्यावर नजर फक्त हर्षालीची, आणि तीही कौतुकाची. तिनं मला ठाण्यात चालवून पाहिलं. ठाण्यात नेट जात नाही. तिथं मी एकदाही चुकलो नाही.

गेल्या श्रावणात संध्याकाळी चंद्रकलाकाकीनं लाल बटण दाबलं. पाणी झपाट्यानं चढत होतं. पण टॉवर बंद पडला होता. तिच्या हातातल्या फोनवर मी लाल झालो आणि तिथंच राहिलो. पुढं जायला वाटच नव्हती. त्याच वेळी पलीकडच्या तीरावर हर्षालीचे वडील नवसू मोटारसायकलवरून येत होते. ते मोखाड्याला एका ऑफिसात कारकून आहेत. त्यांच्या खिशातल्या फोनवर मी दुपारचाच हिरवा होतो.

तुळशीदासची जीपही त्याच तीरावर थांबलेली होती. तो म्हणाला, “नवसूभाऊ, थांबा. पानी वर दिसतंय.”

नवसूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला, मला उघडलं. पाणी गढूळ होतं, खाली फरशी किती खोल ते दिसत नव्हतं. माझा रंग मात्र स्वच्छ दिसत होता.

“बघ, हिरवं आहे. चढलेलं असंल ते उतरतंय आता. माझ्या पोरीनं केलंय, चुकायचं नाय.”

समोरून चंद्रकलाकाकी ओरडत होती, “नको येऊ! नवसूदादा, नको येऊ!” पाण्याच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नाही. मला ऐकू आलं असतं तरी काय! मी त्यांच्या छातीशी होतो आणि हिरवाच होतो.

मध्यावर मोटारसायकल आडवी झाली. कडेच्या दगडात ती अडकली म्हणून नवसू वाहून गेले नाहीत, पण पाय खाली सापडला. तुळशीदासनं जीपचा दोर कमरेला बांधून त्यांना ओढून काढलं. पाय राहिला, पण आता गुडघ्यात वाकत नाही.

गणपतीच्या सुट्टीत हर्षाली घरी आली. चंद्रकलाकाकी तिच्यापुढं फोन धरून रडायला लागली. “मी दाबलं होतं गं. लालच दाबलं होतं. तूच बघ.”

“तुझं बरोबरच होतं, काकी. बातमी जुनी झाली तर काय सांगायचं, हे मीच त्याला शिकवलं नाही.”

नवसू ओटीवर पाय लांब करून बसले होते. हर्षाली त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “मजा म्हणून लिहीत बसले, बाबा. म्हणून झालं हे.”

“मजा होती म्हणून तर लिहिलंस. पगार घेऊन कोण आपल्या फरशीचं लिहिणार होतं?”

ज्या सर्व्हरवरून मी चालायचो तो तिनं त्याच दिवशी बंद केला. बाहेर ऊन पडलं होतं, मी हिरवा होतो, तो कायमचा तसाच राहिलो. मग काकीला घेऊन ती घरोघर फिरली आणि एकेका फोनातून मला काढत गेली. शेवटी वडिलांपुढं हात केला.

“माझ्यातलं राहू दे,” नवसू म्हणाले.

“बाबा, ते आता खोटं सांगतं.”

“सांगू दे. तू केलेलं माझ्याजवळ एवढंच आहे.”

हर्षालीचा हात तसाच राहिला. मग तिनं तो मागं घेतला.

आता रविवारी ती कपडे धुते, झोपते. लॅपटॉप फक्त कंपनीसाठी उघडते. एकदा तिनं माझी फाईल उघडली होती. वरपासून खालपर्यंत वाचली, बोटं कीबोर्डवर ठेवली. बराच वेळ नुसतीच. मग बंद केली.

इकडं ओटीवर नवसू मला रोज उघडतात. बाहेर ओहोळ घोंघावत असतो आणि मी हिरवा असतो. ते माझ्यावरून अंगठा फिरवतात, फोन खाली ठेवतात.

हर्षाली, मला पुसून टाक, नाहीतर पुन्हा लिहायला बस. तुझ्या बाबांना मी आता फसवू शकत नाही, पण हा फोन उद्या दुसऱ्या कुणाच्या खिशात जाईल. तो पाण्याच्या कडेला उभा राहून मला विचारेल, आणि मी त्यालाही जा म्हणेन.